वाद घालणारी बाई आणि मिरजोळीचे हमीद दलवाई

आजची तिलावत : सूरह अल-मुजादिला (५८), आयत १ ते ४



आज अठ्ठाविसावा पारा सुरू झाला. ही सूरह मदनी, बावीस आयतींची. हिच्या प्रत्येक आयतीत अल्लाहचं नाव येतं, एकही आयत त्याशिवाय नाही. लहानपणी नाझरा शिकवताना आमच्या आपांनी एवढं आवर्जून सांगितलं होतं. सूरहच्या नावाचा अर्थ मात्र सांगितला नव्हता. मुजादिला म्हणजे वाद घालणारी. अरबी वाचता येतं पण कळत नाही, अशी आमच्यासारखी हजारो घरं आहेत. तिथल्या पोरींना हा अर्थ कोणी आपणहून सांगत नाही. तो मला पुढे मराठी तर्जुमा हातात आला तेव्हा कळला.

वाद घालणारी बाई म्हणजे खौला बिन्त सालबा. नवरा औस बिन सामित, वयानं उतरलेला, तापट. रागाच्या भरात तो तिला म्हणाला की तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. अरबस्तानात जुन्या काळापासून या बोलण्याला जिहार म्हणायचे. एवढं बोललं की बाई कायमची हराम. आणि ती मोकळीही नाही, दुसरीकडे लग्न करायचीही सोय नाही. नुसती लटकलेली. राग उतरल्यावर औसला पस्तावा झाला, पण रूढी म्हणजे रूढी.

खौला उठली आणि थेट प्यारे नबींकडे (सल्ल.) गेली. नबींनी सांगितलं की या बाबतीत माझ्याकडे वेगळा हुकूम नाही. दुसरी कोणी असती तर परत फिरली असती. ही फिरली नाही. माझं तारुण्य याच्या घरात गेलं, लेकरं झाली, आता म्हातारपणी मी कुठं जाऊ, असं ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. नबींशी बोलत होती आणि अल्लाहकडे गाऱ्हाणं घालत होती. हजरत आयेशा (रजि.) त्याच घरात होत्या, त्यांनाही तिचं सगळं बोलणं नीट ऐकू आलं नाही. पण सात आसमानांवर ते ऐकलं गेलं. वही उतरली, आणि पहिल्याच आयतीत सांगितलं गेलं की त्या बाईचं म्हणणं अल्लाहनं ऐकलंय. ज्या बायकोला आई म्हटलं ती काही आई होत नाही, आई तीच जिनं जन्म दिला. असं बोलणं वाईट आणि खोटं. ज्यानं बोललं त्यानं भरपाई करावी : गुलाम मुक्त करावा, नाहीतर सलग दोन महिने रोजे धरावे, तेही जमत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावं. दंड नवऱ्याला, बाईला नाही.

इथं मी नेहमी थांबते. ही रूढी बापजाद्यांची होती, सगळ्या समाजाला मान्य होती. तिच्याविरुद्ध एक साधी बाई उभी राहिली आणि तेही कोणासमोर! तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही, ईमान कमी पडतंय म्हटलं नाही. उलट तिच्या वादाचं नाव सूरहला मिळालं.

आणि ही सूरह आली की मला १८ एप्रिल १९६६ ही तारीख आठवते. त्या दिवशी मुंबईत सात मुसलमान बायका मोर्चा घेऊन सरकारकडे गेल्या. मोर्च्यांची मुंबई ती, हजारोंचे मोर्चे निघायचे, त्यात हा सात जणींचा. मागण्या अशा : एकतर्फी तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी आणा, हलाला थांबवा, आणि देशातल्या सगळ्या बायकांना एकच कायदा द्या. मोर्च्यामागे होते हमीद दलवाई, आणि त्या सातांत त्यांच्या बीबी मेहरुन्निसा होत्या.

मागे एकदा इथं मी दलवाईंचं नुसतं नाव घेतलं होतं, तर दोघांनी कळवलं की दीनी वाचनात अशा माणसाचा जिक्र कशाला. त्यांना तेव्हा मी आजच्या आयतींपर्यंत थांबायला सांगितलं होतं. आज सांगते.

हमीद उमर दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचा. कोकणी मुसलमानाचं घर. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडात मुसलमान म्हटलं की लोकांना उर्दू किंवा दख्खनी बोलणारा माणूस डोळ्यासमोर येतो. कोकणातले मुसलमान घरात कोकणी बोलतात, बाजारात मराठी. दलवाई वाढले ते या भाषेत, आणि पोरवयातच राष्ट्र सेवा दलात गेले. तिथून समाजवादी चळवळ, तिथून मुंबई.

पण आधी ते लेखक होते, हे लोक विसरतात. त्यांच्या कथांचं पुस्तक आलं, लाट नावाचं. मग १९६५ साली इंधन ही कादंबरी. कोकणातल्या एका गावात बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस, गावातले मुसलमान, कुळवाडी, महार, सगळ्यांची जुनी देणी-घेणी आणि आतल्या आत धुमसणारं वैर. तिचा इंग्रजी अनुवाद पुढे दिलीप चित्र्यांनी केला. मी इंधन वाचली तेव्हा वाटलं, या माणसाला मुसलमानाचं घर आतून ठाऊक आहे. भांडीकुंडी, रुसवेफुगवे, मशिदीतली कुजबुज, सगळं. बाहेरून टीका करणारे असं लिहू शकत नाहीत. लिहितच राहिले असते तर मराठीत मोठं नाव झालं असतं. त्यांनी ते सोडलं. कथा-कादंबऱ्यांना वेळ उरला नाही असं म्हणा.

लग्न १९५६ सालचं. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू घरातल्या. आधी रीतसर निकाह झाला, आणि त्यानंतर दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. म्हणजे तीन शब्दांत बायको सोडण्याचा जो हक्क समाजानं हातात दिला होता, तो नवऱ्यानं आधी स्वतःच्याच घरात सोडून दिला. नंतर दुसऱ्यांना सांगितलं. मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. पुढे घर चाललं ते बऱ्याच अंशी मेहरुन्निसांच्या नोकरीवर. नवरा गावोगाव सभांना, घरी दोन मुली. त्यांनी नंतर आत्मचरित्र लिहिलं, मी भरून पावले आहे या नावाचं. मिळालं तर वाचा.

आता तलाकचं. कुरआनात तलाकची रीत काय आहे ते आपण सूरह बकराच्या वेळी पाहिलं, सूरह तलाक पुढे येईलच. भांडण झालं तर आधी दोन्हीकडून एकेक पंच बसवा, हे सूरह निसात. तलाक दोनदा, थांबून थांबून, आणि प्रत्येक वेळी परत फिरायची वाट मोकळी, हे बकरात. इद्दत मोजा, तोवर बाईला घराबाहेर काढू नका, दोन न्यायी साक्षीदार ठेवा, हे सूरह तलाकात. एका दमात तीन तलाक कुठंच नाही. सही मुस्लिममध्ये इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे की नबींच्या काळात, हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात आणि हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोनेक वर्षांत एका बैठकीतले तीन तलाक एकच धरले जायचे. लोक उतावळेपणा करायला लागले म्हणून उमरनी ते तीन धरायला सुरुवात केली, एक प्रकारे जरब बसावी म्हणून. जरब पुरुषाला बसवायची होती. शेकडो वर्षांत ती बाईच्या गळ्यात कशी आली, हे ज्यानं त्यानं आपल्या गल्लीत पाहावं.

फिकहच्या किताबांतच या प्रकाराला तलाक-ए-बिदअत म्हणतात. बिदअत म्हणजे दीनात नव्यानं घुसवलेली गोष्ट. मौलानांना विचारलं तर ते स्वतः सांगत की हा गुनाह आहे. आणि पुढच्याच श्वासात सांगत की पण झाला तो झाला.

माझ्या खालाचं असंच झालं. मराठवाड्यातल्या एका गावात १९७४ साली तिला पोस्टकार्डावर तलाक आला. पंधरा पैशांचं कार्ड की किती, मला किंमत माहीत नाही. नाना कार्ड घेऊन जाणत्यांकडे गेले. गुनाह आहे, पण लागू झाला, हेच उत्तर मिळालं. १९७९ मध्ये ती आमच्याकडे कासारवाडीला राहायला आली. अब्बा तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीत कामाला होते. ती शिवणकाम करायची, फजरनंतर रोज कुरआन वाचायची, अरबीतून, सुरात. सूरह मुजादिलाही तिनं शेकडो वेळा वाचली असेल. खौलाची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

आणि कासारवाडीहून लोकलनं अर्ध्या तासावर, पुण्यात, तिच्यासारख्यांसाठीच एक संस्था काम करत होती, हेही तिला ठाऊक नव्हतं. २२ मार्च १९७० ला दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव उघडच महात्मा फुल्यांकडून घेतलं होतं, त्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजावरून. मंडळाकडे तलाक दिलेल्या, सोडून दिलेल्या बाया येत. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. मंडळातल्या पहिल्या फळीत सय्यदभाई होते, पुण्यात पेन्सिलच्या कारखान्यात काम करणारे. त्यांच्या स्वतःच्या बहिणीला तीन तलाक मिळाला होता. म्हणजे हे काही पुस्तकं वाचून आलेले साहेबलोक नव्हते. शिफ्ट संपवून सभेला जाणारे लोक होते, आपल्या पिंपरी-चाकणच्या बसमध्ये बसलेले असतात तसे.

दलवाईंचं म्हणणं तलाकपुरतं नव्हतं. महाराष्ट्रातल्या मुसलमान मुलांनी मराठीतून शिकावं, असं ते सांगत. उर्दू शाळेतून बाहेर पडणारा मुलगा नोकरीच्या रांगेत मागं पडतो, आणि शेजाऱ्यापासूनही तुटतो. यावर तेव्हा फार राग आला लोकांना, उर्दू म्हणजेच दीन असं समीकरण होतं. मी एवढंच म्हणेन की मला कुरआन पहिल्यांदा समजलं ते मराठीत. चाकणला शिफ्टवरून येऊन हे वाचणारे तुमच्यातले कितीतरी जणही तसंच लिहून कळवतात.

दुसरं, ते मुस्लिम देशांची उदाहरणं देत. ट्युनिशियानं १९५६ मध्ये दुसरं लग्न बंद केलं आणि तलाक कोर्टात नेला. पाकिस्ताननं १९६१ मध्ये तलाकला लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत घातली. इजिप्तनं तर १९२९ मध्येच एका बैठकीतले तीन तलाक एक धरायचं ठरवलं. तिथं इस्लाम धोक्यात आला नाही, मग इथंच कसा येतो?

उत्तर मिळालं ते विरोधाच्या रूपात. सभा उधळल्या गेल्या, दगड आले, धमक्या आल्या. १९७२ च्या डिसेंबरात मुंबईत सगळ्या पंथांच्या उलेमांचं मोठं अधिवेशन भरलं आणि पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. एरवी एकमेकांच्या मागं नमाज न पढणारे लोक एका व्यासपीठावर आले. एका बाजूला ही एवढी ताकद, दुसऱ्या बाजूला मंडळाचे मूठभर कार्यकर्ते.

एक गोष्ट मात्र त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगायला हवी. दलवाईंनी हिंदू जातीयवाद्यांनाही सोडलं नाही. भारताला आधुनिक करायचं तर हिंदूंनीही आपलं घर तपासलं पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आज ज्यांना मुसलमानाला हिणवायला दलवाईंचं नाव लागतं, त्यांनी त्यांची पुस्तकं पूर्ण वाचलेली नसतात. अर्धी पानं वाचून माणूस वापरायचा, ही सवय दोन्हीकडे आहे.

आता त्या दोन वाचकांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो खोटा नाही. दलवाई ईमानवाले नव्हते. कुरआन ही अल्लाहची वाणी आहे हे त्यांनी मानलं नाही, ती नबींची रचना आहे असं ते म्हणत. नबींना ते इतिहासातला थोर माणूस मानत, त्यापुढे नाही. बाईचा हक्क त्यांनी आयतीवर नाही, संविधानावर आणि माणसामाणसातल्या बरोबरीवर उभा केला. मी रोज पहाटे जे पुस्तक उघडते, ते त्यांच्या लेखी आकाशातून आलेलं नव्हतं. इथं माझा आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो आणि मी तो गोड बोलून एक करणार नाही. त्यांनीही आवडलं नसतं. तोंडदेखली नमाज पढून, दाढी ठेवून, गोड बोलून सुधारणा करायची सोय त्यांना होती. तशी माणसं आपण पाहतो. त्यांनी ढोंग केलं नाही. कुरआनात मुनाफिकांबद्दल, म्हणजे तोंडानं एक आणि मनात दुसरं असणाऱ्यांबद्दल, किती कडक आयती आहेत ते वाचकांना वेगळं सांगायला नको. दलवाई त्यात बसत नाहीत.

पण वडीलधाऱ्यांनी म्हटलं म्हणून खरं, हे न मानणं कुफ्र आहे का? हजरत इब्राहीम (अलै.) यांनी बापाला विचारलं, गावाला विचारलं, राजाला विचारलं. एवढंच नाही, मेलेल्यांना तू पुन्हा कसं उठवतोस ते दाखव, असं त्यांनी खुद्द अल्लाहला विचारलं. ईमान नाही म्हणून नव्हे, दिलाला तसल्ली हवी म्हणून. अल्लाहनं त्यांना झिडकारलं नाही, चार पक्ष्यांची गोष्ट झाली. सूरह बकरामध्येच त्या लोकांचा उल्लेख आहे जे म्हणतात की आमचे बापजादे ज्यावर होते त्यावरच आम्ही चालणार, आणि लगेच विचारलंय की बापजाद्यांना अक्कल नसली तरी? हा सवाल आपण नेहमी दुसऱ्या धर्माच्या लोकांकडे बोट करून वाचतो. इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांना तर हे नव्यानं सांगायची गरज नाही. इथून जवळच देहूत एका वाण्याच्या अभंगांच्या वह्या पाण्यात बुडवायला लावल्या होत्या, आणि आज त्याचीच पालखी मुक्कामाला आकुर्डीत येते तेव्हा रस्ता पुरत नाही.

दलवाईंचं शेवटचं आजारपण कठीण गेलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. शरद पवारांनी त्या काळात खूप मदत केली. मूत्रपिंड बदललंही, पण शरीरानं साथ दिली नाही. ३ मे १९७७ ला ते गेले, तेव्हा वय चव्वेचाळीस. कोणतेही धार्मिक विधी नकोत, दहन करावं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. जनाजाची नमाज नाही, कब्र नाही. आमच्या घरी अब्बा एरवी मोकळ्या मनाचे, पण एवढी एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत सलत होती. मातीत जायला काय हरकत होती, म्हणायचे. मलाही ती सलते, खोटं कशाला सांगू. त्यांच्यासाठी काय दुआ करायची, कोणत्या शब्दांत करायची, हे मला कळत नाही. कोणाचं काय करायचं ते अल्लाह ठरवेल, तो अधिकार मी घेत नाही, आणि ज्यांनी तेव्हा फतव्यासारखं बोलून तो घेतला त्यांनाही मी देत नाही.

पुढचं थोडक्यात, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, १९८६ मध्ये कायद्यानं तो फिरवला गेला. मंडळानं काम सोडलं नाही. सय्यदभाईंनी दगडावरची पेरणी हे पुस्तक लिहिलं, नावातच सगळं आलं. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी एका बैठकीतला तीन तलाक रद्द केला. बोर्डानं त्या खटल्यातही हेच मांडलं होतं की हा प्रकार गुनाह आहे, पण लागू होतो. पोस्टकार्ड घेऊन गेलेल्या नानांना मिळालेलं उत्तर, त्रेचाळीस वर्षांनी, वकिलाच्या तोंडून. २०१९ मध्ये कायदा आला, त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ती कैद बाईच्या कितपत कामाची, यावर माझं मन साफ नाही. नवरा आत गेल्यावर घरभाडं कोण देणार, हा सवाल आमच्या भागात मी ऐकलाय. पण तलाकच लागू होत नाही, हे कोर्टानं म्हटलं, ते मोठं.

मेहरुन्निसा दलवाईंना हा निकाल पाहायला मिळाला नाही. नवऱ्यामागं चाळीस वर्षं त्या मंडळाचं काम करत राहिल्या आणि ८ जून २०१७ ला गेल्या. निकाल त्यानंतर अडीच महिन्यांनी आला.

खौला म्हातारी झाल्यावरची एक रिवायत सांगते आणि थांबते. हजरत उमर खलीफा असताना रस्त्यानं चालले होते, बरोबर माणसं होती. एका म्हातारीनं त्यांना अडवलं आणि भर रस्त्यात बराच वेळ खडे बोल सुनावले. उमर मान खाली घालून उभे. बरोबरचा एक जण वैतागला, एका म्हातारीसाठी एवढ्या लोकांना ताटकळत ठेवलंत म्हणाला. उमरनी त्याला सांगितलं की ही खौला आहे, हिचं म्हणणं सात आसमानांवर ऐकलं गेलं, मग उमर कोण लागून गेला न ऐकणारा.

उद्या इन्शाअल्लाह आयत ५ ते ७. सातवी आयत तिघांच्या गुपचूप बोलण्याची आहे, ज्यांच्याकडे तर्जुमा असेल त्यांनी आधी वाचून ठेवा.